भोकाची कड

स्टीव्हने झेंडा माझ्या कापायच्या टेबलावर पसरला आणि मधोमध हात फिरवायला लागला, तेव्हा मला वाटलं, काम बघतोय. कौतुकाची अपेक्षा होती मला, खोटं कशाला बोलू. दोन अख्ख्या दुपारी घालवल्या होत्या मी त्या कापडावर, आणि त्याही दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा वॉलॉंगॉंगमधल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना एकाच आठवड्यात ब्लाऊज हवे असतात आणि प्रत्येकीला वाटतं, आपलं एकटीचंच तर आहे. सोमवारची दुपार होती, नरकचतुर्दशी. गराजचं शटर अर्धं वर, बाहेर ऑक्टोबरचं ऊन. अभ्यंगस्नान म्हणून मी सकाळी नेहमीपेक्षा पाच मिनिटं जास्त शॉवरखाली उभी राहिले होते, तेवढाच सण. त्याचा हात पांढऱ्या पट्ट्यावरून लालवर गेला, लालवरून परत पांढऱ्यावर, मग खाली हिरव्यावर. जाड बोटं, पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची. उशीखाली चष्मा चाचपावा तसा तो चाचपत होता.

"इथे भोक होतं," तो म्हणाला.

"होतं ना!" मी म्हटलं. "आता शोधून दाखव."

हे मी म्हटलं. हसत हसत. पुढचे तीन दिवस ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही.

त्याने खरंच आणखी थोडा वेळ शोधलं. मग हात काढून घेतला. "नाही सापडत," तो म्हणाला. "ब्यूटिफुल जॉब, लव्ह." जरा थांबून तो हसल्यासारखा झाला. "डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, माझ्या नजरेच्या मधोमध भोक पडलंय. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. तुझे कान दिसतात, तोंड नाही दिसत. म्हणजे ज्याच्याकडे बघेन त्याला भोक. फक्त ह्याला तेवढं नाही." मी हसले, कारण त्याने विनोद केला होता. त्याने काठी उचलली आणि शटरखालून वाकून बाहेर पडला. झेंडा टेबलावरच होता. मी मागून ओरडले, "स्टीव्ह, झेंडा राहिला! गुरुवारी लागणार म्हणाला होतास ना?" त्याने मागे न बघता हात वर केला. "नो वरीज," तो म्हणाला. इथे घर जळालं तरी माणसं एवढंच म्हणतात, त्यामुळे मला काही कळलं नाही.

स्टीव्ह आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे आणि मी त्याला अरेतुरे करते, कारण इंग्रजीत बोलताना अहोजाहो करायची सोयच नाही, आणि आता मनातही तेच बसलं आहे. त्याचं खरं नाव इश्तवान. कारखान्यातल्या पहिल्याच दिवशी फोरमनने ते दोनदा म्हणून बघितलं आणि मग स्टीव्ह करून टाकलं. माझं चित्रलेखाचं चित्रा झालं, त्याला फोरमनही लागला नाही, मी स्वतःच केलं. माझा नवरा यतिन त्याच कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला तेव्हा स्टीव्ह रिटायर झालेला होता, पण ओळख झाली. तो आम्हाला त्याच्या झाडाची लिंबं आणून देतो, मी त्याच्या पँटी आखूड करून देते, कारण म्हातारपणी तो वर्षाला अर्धा इंच खाली चालला आहे. दोन आठवड्यांपूर्वी तो एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, "साइड तेवढी बघ, लव्ह. काठी घालायची बाजू." म्हणजे नेफा. नेफा उसवला होता, काठी त्यातून घसरत होती. नवा नेफा लावायचा, दहा मिनिटांचं काम. तो गेल्यावर मी पिशवीतून झेंडा काढला, उलगडला आणि बघितलं तर काय, लाल, पांढरा, हिरवा आणि बरोब्बर मधोमध हे एवढं भगदाड. आपल्या झेंड्यात चक्र असतं तिथेच. कड कुरतडल्यासारखी, दोरे लोंबताहेत, दोन ठिकाणी काळपट.

आता कुणीही म्हणेल, विचारायचं होतं. यतिन म्हणालाच, "अगं, आधी विचारायचं ना." लग्नाला छत्तीस वर्षं होतील, आणि झाल्यानंतर आधीचं सांगायची त्याची सवय काही गेली नाही. पण मी काय विचारणार? फाटका झेंडा लावत नाहीत, हे शाळेत पंधरा ऑगस्टला इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मला उष्टं खाऊ नये इतकं साधं वाटतं. आणि माझ्याकडे आलेलं कापड भोकासकट परत गेलं तर मला झोप लागत नाही. ही आईची सवय. परळच्या आमच्या दोन खोल्यांत आई हातमशिनवर परकर-ब्लाऊज शिवायची, आणि कुणी नुसतं बटण लावायला दिलं तरी शिवण उसवलेली दिसली की न सांगता टीप मारून द्यायची. विचारायचं कशाला, दिसतंय ना, म्हणायची. तेच मी करते. बायका म्हणतात, चित्राताईंकडे दिलं की नव्यासारखं होऊन येतं. तर मी नव्यासारखं केलं. लाल पॉपलीन माझ्याकडे होतं. पांढरं एका जुन्या उशीच्या अभ्र्यातलं घेतलं, म्हणजे रंग फार टवटवीत दिसायला नको. हिरवा काही केल्या जुळेना, शेवटी माझ्या स्वतःच्या पैठणीच्या ब्लाऊजचं अस्तर उसवलं. कड वेडीवाकडी होती म्हणून आधी ती कातरून गोल सारखी करून घेतली. मग आतून ठिगळ, वरून हाताने इतकी बारीक तुरपाई की उजेडात धरलं तरी टाका दिसू नये. ते झाल्यावर मी चहा प्यायले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. इतकं समाधान मला आजकाल कशाने होत नाही.

संध्याकाळी मितालीचा फोन आला. ती सिडनीला असते. शनिवारी तिकडच्या हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानांतून चकल्या आणि करंज्या आणून देऊन गेली होती, कारण ह्या वर्षी मी फराळ केला नाही. दमते मी आता. तिला मी सहज सांगितलं, स्टीव्ह बघ कसा, झेंडा विसरूनच गेला. ती म्हणाली, "आई, तू ते बंद केलंस? ओह नो. आई, दॅट्स द फ्लॅग. द होल इज द फ्लॅग." म्हटलं, मराठीत सांग. तिने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. छप्पन साली हंगेरीत लोक उठले, राजवटीच्या विरुद्ध. झेंड्याच्या मधोमध त्या राजवटीचं चिन्ह होतं, हातोडा आणि गव्हाची लोंबी, ते लोकांनी कापून काढलं आणि भोक पडलेला झेंडा घेऊन रस्त्यावर आले. तेवीस ऑक्टोबरला. बारा दिवसांनी रशियाचे रणगाडे आले आणि संपलं. "हाऊ डू यू नॉट नो धिस?" ती म्हणाली. "आजोबा वॉज इन द पार्टी, ना?" मी म्हटलं, कुकर लागलाय, ठेवते.

कुकर वगैरे काही नव्हता. मी गराजमध्ये जाऊन स्टुलावर बसले. झेंड्याचं भोक मला माहीत नव्हतं हे देवाशपथ खरं. पण हंगेरी माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. स्टीव्ह हंगेरियन आहे हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. सत्तावन्न साली बोटीने आलो, हे त्याने पहिल्याच वर्षी लिंबं देताना सांगितलं होतं. सत्तावन्न साली आलेला माणूस छप्पन साली कुठे होता, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मी विचारलं नाही. तो सांगायच्या बेतात आलेला मला दोनतीनदा जाणवला आणि मी लिंबांबद्दल बोलायला लागले. त्याच्या व्हरांड्यात दर ऑक्टोबरला एक झेंडा लागायचा. तेव्हा मी मुद्दाम वरच्या रस्त्याने बाजारात जायचे, आणि स्वतःला सांगायचे की चढ चढला की गुडघे मोकळे होतात.

अण्णा पक्षात होते. आमच्या घरात पक्ष म्हणजे एकच, त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, नवऱ्याचं घेत नसत तसं. माझे वडील पक्षाच्या साप्ताहिकात भाषांतरं करायचे, प्रुफं तपासायचे, आणि मोर्च्यात पुढे चालायचे. छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून लोक रस्त्यावर आले होते आणि पोलीस गोळ्या घालत होते तेव्हा, अण्णांच्या शेजारचा एक गिरणीकामगार मानेवर हात दाबून मटकन खाली बसला. अण्णांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि पळाले. पळताना एक गोळी त्यांच्या सदऱ्यातून आरपार गेली, काखेखालून, कातडीला न लागता. तो माणूस हॉस्पिटलच्या दारातच मेला. दुसऱ्या दिवशी सरकार म्हणालं, गोळीबार गुंडांवर झाला. ते कात्रण अण्णांनी घडी करून ठेवलं होतं आणि आम्हाला दाखवायचे. गुंड! म्हणायचे, आणि त्यांचा आवाज कापायचा. मी त्यानंतर सहा वर्षांनी जन्मले, पण तो सदरा माझ्या लहानपणापर्यंत टिकला होता. आईने त्या भोकाला रफू केलं होतं. रविवारी दुपारी अण्णा मूडमध्ये असले की हात वर करायचे आणि मला म्हणायचे, कुठे लागली होती गोळी, शोधून दाखव. मी बोट फिरवायचे. मला कधीच सापडायची नाही. घामाचा आणि निळीचा वास यायचा, अण्णांना गुदगुल्या व्हायच्या, आई मशिनवरून बघायची. माझ्या बालपणातलं सगळ्यात सुखाचं असं काही विचारलं तर मी हेच सांगेन.

आणि दत्तूकाका. त्यांचं नाव दत्तप्रसाद. अण्णांचे एवढे जवळचे की आई त्यांना भाऊबीजेला ओवाळायची. मी त्यांना कधी पाहिलं नाही. घरात एका फोटोत होते, अण्णांच्या खांद्यावर हात टाकून. कोण हे विचारलं की आई म्हणायची, दत्तूभावजी. आता येत नाहीत. का येत नाहीत विचारलं की म्हणायची, हंगेरी. मी बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं, हंगेरी हा एक आजार आहे, पटकीसारखा. पुढे कॉलेजात असताना माळ्यावर अण्णांची पुस्तिका सापडली. बत्तीस पानं, पिवळी पडलेली, भाषांतर आणि प्रस्तावना अण्णांची. हंगेरीतली प्रतिक्रांती. प्रस्तावनेत पहिल्याच पानावर होतं की बुडापेस्टच्या रस्त्यांवर उतरलेले लोक कामगार नव्हते, परकीय पैशावर नाचणारे गुंड होते. गुंड. मी ती पुस्तिका होती तशी ठेवून दिली. मी तेव्हाच स्वतःला एक उत्तर देऊन टाकलं: त्यांना माहीत नसणार. बातम्या कुठे येत होत्या तेव्हा. मॉस्कोहून जे छापून यायचं ते त्यांनी मराठीत आणलं, साधा सरळ माणूस, विश्वास ठेवला. हे उत्तर मला चाळीस वर्षं पुरलं. एकोणनव्वद साली पेपरात आलं की बुडापेस्टमध्ये त्या वेळच्या मेलेल्यांना कबरींतून काढून पुन्हा सन्मानाने पुरलं. पेपर अण्णांच्या हातात होता. त्यांनी ती बातमी पूर्ण वाचली, मला दिसलं, खालपर्यंत. मग पान उलटलं आणि म्हणाले, चहा टाकतेस का. मी सत्तावीस वर्षांची होते. मी चहा टाकला.

अण्णा वारले तेव्हा मी इथून मुंबईला गेले, चार वर्षं झाली होती इथे येऊन. तेराव्यानंतर कपडे आवरताना ट्रंकेच्या तळाशी तो सदरा निघाला. आई तो मांडीवर घेऊन बसली आणि न विचारता बोलायला लागली. "शेवटचे आले ना दत्तूभावजी, नोव्हेंबरात, तेव्हा हे पुस्तिकाच लिहीत बसलेले. अंगात हाच. भावजी वाचून म्हणाले, अरे, गुंड काय लिहितोस? जानेवारीत आपल्याला काय म्हणाले होते? हे म्हणाले, तिथलं वेगळं आहे. भावजी म्हणाले, तुझ्या सदऱ्याकडे बघ. तर ह्यांनी हात वर केला, बघितलं, आणि म्हणाले, काय झालंय सदऱ्याला?" आई थोडा वेळ रफूच्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. "मी शिवलंच होतं इतकं बारीक. काही दिसलंच नाही कुणाला." मला तेव्हा वाटलं, तिला आपल्या कामाचा अभिमान वाटतोय. बावीस वर्षं मला तसंच वाटत होतं. सोमवारी संध्याकाळी गराजमध्ये त्या झेंड्याच्या मधोमध हात ठेवून बसले होते आणि मला आईचा आवाज नीट ऐकू आला. त्यात अभिमान नव्हता. मला इतकं दमल्यासारखं झालं की उठून दिवा लावणंही नको झालं. यतिनने आत पणत्या लावल्या होत्या, त्याने चार हाका मारल्या, मग नाद सोडला.

मंगळवारी सकाळी मी ठिगळ उसवायला घेतलं. बाहेर स्वतःचे ब्लाऊज न्यायला दोघी येऊन गेल्या, त्यांना पिशव्या दिल्या. एकीला बाही घट्ट होत होती, मी म्हटलं, होऊ दे. स्वतः घातलेले टाके उसवणं फार कंटाळवाणं काम. बारीक घातले होते ना, मग भोगा. दुपारपर्यंत ठिगळ निघालं आणि खाली ते भोक पुन्हा दिसलं, पण ते माझं होतं, कातरीने गोल सारखं केलेलं, शाळेच्या कंपासने काढल्यासारखं. त्याचं नव्हतं. हे मला आधी सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं, ठिगळ काढलं की झालं. मी तशीच उठले आणि चप्पल अडकवून स्टीव्हकडे गेले. तो व्हरांड्यात बसला होता, कानांकडे बघत असावा माझ्या. मी विचारलं, भोक कसं पडलं होतं? पंधरा वर्षांनी विचारलं. त्याने सांगायला फार वेळ घेतला नाही. "इलोनाने कापलं. माझी बहीण. स्वयंपाकघरातल्या पाव कापायच्या सुरीने, कारण कात्री सापडेना आणि खालून लोक हाका मारत होते. आई ओरडत होती, टेबल खराब होईल. दोन ठिकाणी सुरी अडकली तर तिने मेणबत्तीने जाळलं." मग रणगाडे आले. इलोना म्हणाली, तू जा, मी आईजवळ राहते. झेंडा त्याच्या पोटाला गुंडाळून वर कोट घालून दिला. तो चालत ऑस्ट्रियात गेला, एकोणीस वर्षांचा. ती तीन वर्षं तुरुंगात होती. अठ्ठ्याऐंशी साली गेली, सगळं बदलायच्या एक वर्ष आधी. तो तिला पुन्हा भेटला नाही. "पूर्वी आम्ही चाळीस जण जमायचो हंगेरियन क्लबात," तो म्हणाला. "आता मी. झेंडा लावतो आणि कडेवरून बोट फिरवतो, एक चक्कर. कुठे वळते, कुठे अडकते, पाठ आहे मला. डोळे गेले तरी चालतंय." मग म्हणाला, "ह्या वर्षी राहू दे. तू चांगल्या मनाने केलंस." मला चांगल्या मनाचा इतका राग कधी आला नव्हता.

चिंध्या मी टाकत नाही. कापडाचा कपटाही टाकत नाही, सगळं एका मोठ्या पिशवीत जातं, उशा भरायला कामाला येतं. ती पिशवी मी गराजच्या जमिनीवर उलटी केली. दिवाळीच्या सगळ्या ब्लाऊजांचे कपटे त्यात होते. खण, जर, अस्तरं, गुलाबी तर किती. बुधवारी पाडव्याला यतिन बाहेर आला तेव्हा मी त्या ढिगात बसले होते. ओवाळायचं होतं त्याला. "काय शोधतेयस?" त्याने विचारलं. म्हटलं, कड. तो चष्मा लावून समोर मांडी घालून बसला, गुडघा दुखतो त्याचा, तरी. दोघांनी मिळून अकरा तुकडे काढले. लाल चार, हिरवे तीन, पांढरे चार, बोटभर रुंद, त्यातल्या दोन तुकड्यांना काळी जळलेली टोकं. बारावा कुठेतरी असणार, तो मिळाला नाही. मी ते टेबलावर गोल मांडले, कुठला कुठे ते दोऱ्यांच्या विणीवरून लावत, आणि माझ्या साफसूफ भोकाला ते तुकडे परत शिवले. कपड्याला असं कुणी शिवत नाही. जुनं कापड टाक्याला धरत नव्हतं, जाड दोरा घ्यावा लागला, प्रत्येक जोडाला गाठ, गाठीला फुगवटा. मी पंचेचाळीस वर्षं शिवतेय, इतकं गबाळं काम माझ्या हातून पहिल्यांदा झालं. जिथे बारावा तुकडा नव्हता तिथे मी काही लावलं नाही. माझ्या कात्रीचा तो चार बोटांचा सरळ काप तसाच ठेवला.

गुरुवारी भाऊबीज होती. सकाळी नऊला मी झेंडा घेऊन गेले. स्टीव्ह दाढी करून, टाय लावून बसला होता, म्हणजे झेंड्याशिवायच बसणार होता तो, तसाच, दिवसभर. मी पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने झेंडा काढला आणि हात मध्ये गेला, आणि ह्या वेळी आरपार गेला. तो थांबला. मग बोट कडेवर ठेवून फिरवायला लागला. पहिल्या गाठीवर अडखळला, पुढे गेला, पुन्हा अडखळला. जळलेल्या टोकाशी बराच वेळ. मग त्या सरळ कापावर आला. मी म्हटलं, "तेवढा तुकडा सापडला नाही. ते मी कापलेलं आहे." त्याने मान हलवली. "फार वाईट शिवलंयस," तो म्हणाला. "हो," मी म्हटलं. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि आम्ही झेंडा लावायला उठलो. नव्या नेफ्यात काठी छान बसली. मी खुर्चीवर चढले, त्याने खुर्ची धरली; कोण कुणाला सावरत होतं कोण जाणे. भोकातून समोरचा रस्ता दिसत होता, लाल झाकणाचा कचऱ्याचा डबा, आणि तीन घरं पलीकडे नळी घेऊन ओल्याच झाडांना पाणी घालणारा यतिन.

खाली उतरल्यावर मला जायला हरकत नव्हती. काम झालं होतं. पण मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "स्टीव्ह, माझे वडील कम्युनिस्ट होते. मुंबईत. त्यांनी एक पुस्तिका लिहिली तेव्हा, तुमच्याबद्दल. तुम्ही गुंड आहात, पैसे घेऊन नाचता, असं." तो माझ्या कानाकडे बघत राहिला. रागावेल, उठून जाईल, असं मला वाटलं. निदान मग ते संपलं तरी असतं. त्याने विचारलं, "काय करायचे ते?" भाषांतर, म्हटलं. मोर्चे. आणि मग मी त्याला जानेवारीचं सांगितलं, कारण मला वाटत होतं की त्याने अण्णांना अगदीच तसे समजू नये. खांद्यावर घेतलेला माणूस सांगितला, काखेखालची गोळी सांगितली, सरकार काय म्हणालं ते सांगितलं. वकिली करत होते मी. आवाज माझा मलाच मितालीच्या शाळेत टीचरपुढे बोलायचे तसा वाटत होता.

"त्यांच्यावर गोळ्या झाडल्या?" तो म्हणाला. "रस्त्यावर? लोकांमध्ये?"

"हो."

"आणि त्यांना गुंड म्हणाले."

"हो."

"कुठल्या साली?"

"त्याच," मी म्हटलं. "जानेवारीत. पुस्तिका नोव्हेंबरात."

त्याने झेंड्याचा खालचा कोपरा धरून ठेवला होता, वाऱ्याने काठीला गुंडाळू नये म्हणून. झाडावर मॅगपाय पक्षी ओरडत होते, कुणीतरी गवत कापायचं मशिन सुरू केलं. मग तो अगदी साधेपणाने, पत्ता सांगावा तसा म्हणाला, "देन ही न्यू."

मी तोंड उघडलं. बातम्या कुठे येत होत्या तेव्हा, हे वाक्य तयार होतं, चाळीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं. ते आलं नाही. मला अण्णांचा वर केलेला हात दिसला, आणि आमच्या दोन खोल्यांतले तिघं त्या काखेखालच्या जागेकडे बघताना दिसले, दत्तूकाका, आई आणि अण्णा. त्या जागी काय होतं हे तिघांनाही पाठ होतं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं त्यांना."

स्टीव्ह वाट बघत होता. मी मराठीत बोलले होते. मग तेच त्याला पुन्हा इंग्रजीत सांगावं लागलं.